सहा चाकांची गाडी आणि वाळूचा ढीग

मंगळावरच्या रोव्हरसारखी गाडी जोडायचा संच भाचीच्या वाढदिवसाला घेतला. जोडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मधल्या सांध्याचा एक स्क्रू आखूड निघाला, शेवटी जुन्या रेडिओतला बसवला. पण चाकांना खाचखळग्यांप्रमाणे वर-खाली होऊ देणारा हा रॉकर-बोगी सांधा एकदा जमला की बघत राहावं! वरवंटा आडवा टाकला तर पुढचं चाक वर चढलं, बाकीची पाच जमिनीला चिकटूनच, आणि पाठीवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी जेमतेम हिंदकळलं. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरला हीच रचना आहे.

मग समोरच्या बांधकामाच्या वाळूवर नेली आणि फसली. भाचीने रिमोट आणखी दाबला, गाडी आणखी रुतली. २००९ मध्ये स्पिरिट रोव्हर मंगळावर असाच मऊ मातीत अडकला, तो कायमचाच. त्याचं पुढचं उजवं चाक तर २००६ पासूनच बंद होतं. बिचारा उलटा चालत ते फरपटत न्यायचा. शिवाय तिथे रिमोट कुठला? संदेश पोचायलाच ३ ते २२ मिनिटं. म्हणून आधीचे फोटो बघून दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवतात. भाचीलाही तसंच खेळायला लावलं: आधी कागदावर लिही, मग पाठ फिरवून चालव. तिसऱ्या खेपेला तुळशीची कुंडी गेली. ताईची बोलणी मी खाल्ली.

खरा घोळ गुळगुळीत प्लॅस्टिकच्या चाकांचा. रबरबँड गुंडाळल्यावर बरी पकड आली. किंमत जरा जास्तच आहे, तरी घ्या. फक्त डबा उघडल्यावर स्क्रू मोजा.