थायरॉइडची गोळी: सकाळी की झोपताना?

थायरॉइड कमी पडणाऱ्या पेशंटला गोळी लिहून देताना मी आधी विचारते, "उठल्यावर पहिला चहा कितीला?" सोलापुरात चहाशिवाय दिवस उजाडत नाही आणि लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं औषध, चहा-कॉफीसोबत नीट शोषलं जात नाही.

सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी, ही रूढ पद्धत. तेवढी सवड असेल तर हीच धरा.

पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या माझ्या एका मावशींना ती सवड नव्हती. पाणी भरायचं, डबे करायचे, पानं भिजवायची. गोळी गिळली की लगेच चहाचा कप तोंडाला. डोस दोनदा वाढवला तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) खाली येईना. मग वेळच बदलली. आठच्या आत भाकरी, अकराला झोपताना गोळी. पोट किमान 3 तास रिकामं हवं, एवढीच अट. दोन महिन्यांनी टीएसएच आटोक्यात आला. अशा घाईच्या घरांत मी आता रात्रीचीच वेळ सुचवते.

रात्री उशिरा जेवणाऱ्यांना मात्र ती जमत नाही. जेवणानंतर कॅल्शियम घेत असाल तर ते दुपारी हलवा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी यांत 4 तासांचं अंतर लागतं.

वेळ बदलली की 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासा. दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा वाढवावा लागतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोळ्यांची डबी पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका.