गुराबेच्या नावाखाली गेलेले सत्तावीस हजार

शिडं नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, फुगलेली आणि डोलकाठीच्या टोकावरचा भगवा मात्र पिछाडीकडे फडकणारा, असा एका सुंदर जहाजाचा फोटो तुमच्या मोबाइलवर आला असेल आणि खाली ‘मराठा आरमाराची अस्सल गुराब, घरी बांधा’ असं लिहिलेलं असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मी पाठवले. तीन हप्त्यांत २७,००० रुपये, गुराबेच्या, म्हणजे मराठा आरमारातल्या तोफांच्या लढाऊ जहाजाच्या, लाकडी मॉडेलच्या संचासाठी.

मी बेळगावचा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ३४ वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली. ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी नमुना आम्ही करायचो. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा तेवढी वाढीव असते. माप हाच माझा धंदा होता. सागवान, शिवण, आंबा हातात आलं की वासावरून सांगतो. पण हा सगळा व्यवहार फोटोवर झाला, आणि फोटोतल्या लाकडाला ना वास ना वजन.

दिवाळीत आमच्याकडे गल्लोगल्ली किल्ले होतात, हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. गेल्याच्या गेल्या दिवाळीत अनगोळच्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी सिंधुदुर्ग केला. तट, बुरूज, वळणाच्या आत लपलेला दरवाजा, सगळं नीट. पायाभरणीची तारीख, २५ नोव्हेंबर १६६४, पाटीवर रंगवली. समुद्र केला निळ्या प्लास्टिकचा, आणि त्यात सोडल्या वहीच्या कागदाच्या होड्या. नातवानं विचारलं, “आजोबा, महाराजांची जहाजं अशीच होती काय?” मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला तुला खरी गुराब करून देतो.

बोलून बसलो खरं, पण मोजमापाचा नकाशा मिळेना. युरोपातल्या जहाजांचे पाहिजे तेवढे मिळतात. तिकडच्या गोद्यांमध्ये आधी कागदावर रेघा पडायच्या आणि मग लाकूड कापलं जायचं, ते कागद जपलेही गेले. आपल्या किनाऱ्यावरचे सुतार परंपरेनं डोळ्यानं आणि हातानं जहाज बांधत आले. अशा वेळी ‘जुन्या मूळ नकाशावरून तयार केलेला गुराबेचा संच’ अशी जाहिरात समोर आली. मूळ नकाशा आला कुठून, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मी किंमत विचारली.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. पहिल्या दिवशी ‘सर’, तिसऱ्या दिवशी ‘काका’. बेळगाव म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. “काका, सीमाभागातल्या मराठी माणसाकडून मी नफा घेणार नाही. तुम्ही तिथं मराठी टिकवून धरलीय, मी एवढं तरी करतो.” हे वाक्य मी घरात सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. आमच्या भावनेला कुणी असा हात घातला की आम्ही विरघळतो. ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याचाच त्यानं धंदा केला. पैशापेक्षा याचा राग मला जास्त आहे. बायको तेव्हाच म्हणाली होती, “एवढं मागतोय तर एकदा दुकान तरी बघून या की.” दुकान सिंधुदुर्ग जिल्ह्यात असल्याचं तो सांगायचा. आंबोली घाट उतरून जायचं म्हणजे एका दिवसाचं काम. मी गेलो नाही.

पहिल्या पेटीचे ६,५०० रुपये. पेटी आठ दिवसांत आली आणि माल चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. तीन मिलिमीटर प्लायचा कणा, लेझरनं कापलेल्या खाचा, त्यात आडव्या बसणाऱ्या फासळ्या, वर चढवायच्या पातळ पट्ट्या. फासळी खाचेत अशी बसायची की कागद घालायला जागा नाही. माझ्यासारख्या माणसाचा विश्वास तिथंच बसला. इतकं नेटकं काम करणारा खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं. आता कळतं की ती कापणी त्याची नव्हतीच. कुणाचा तरी तयार संच घेऊन फक्त वरचं नाव बदललं होतं.

शंका दोनदा आली. पुढच्या फासळ्या फुगीर, गोल होत्या आणि पिछाडीला खिडक्यांची सज्जासारखी पट्टी होती. गुराबेविषयी जे वाचलं होतं ते असं नव्हतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांनुसार गुराब लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात कमी बुडणारी, आणि पुढं निमुळती होत जाऊन भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी सखल नाळ बाहेर काढणारी. बहुतेकींना दोन डोलकाठ्या, मोठ्यांना तीन. दोनवाली साधारण १५० टनांची, तीनवाली ३०० टनांपर्यंत. सगळ्यात मोठी खूण तोफांची. नाळेच्या मागं आडवी लाकडी भिंत आणि तिच्या भोकांतून समोर, नाळेवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. बाजूनंही तोफा असायच्या, पण ही पुढं बघणारी जोडी गुराबेची ओळख. वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी गलबतं तिला ओढून जागेवर आणायची आणि ती तोंड फिरवून मारा करायची.

मी फोनवरच्या त्या माणसाला विचारलं, अशी बाहेर निघालेली सखल नाळ कुठं आहे? उत्तर तयार होतं. “काका, ही नंतरच्या काळातली मोठी गुराब. मुंबईच्या वाडियांनी बांधलेली जहाजं बघा, आपल्या सागवानाची, आपल्या हातांची, पण आकार असाच.” त्यात एक खरी गोष्ट होती म्हणून ते पटलं. वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही शिडाची लढाऊ फ्रिगेट १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण ती बांधली गेली इंग्रजांच्या नौदलाच्या नकाशावर, इंग्रजांच्या नौदलासाठी. लाकूड आणि कारागीर इथले असले म्हणून ती गुराब होत नाही. आंग्र्यांचं विजयदुर्गातलं आरमार तर १७५६ मध्येच जळून गेलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या वेळी मी ते जुळवून पाहिलं नाही.

दुसरी पेटी ९,००० रुपयांची. डोलकाठ्या, परमाणं (शिडं बांधायच्या आडव्या काठ्या), तोफा. तोफा वीस, सगळ्या बाजूनं लावायच्या. पुढच्या जोडीचं नाव नाही. तोपर्यंत माझ्या पट्ट्या चढून झाल्या होत्या. चार महिने रोज दुपारी दोन-तीन तास घातले होते. पट्टी भिजवायची, गरम इस्त्रीवर वाकवायची, टाचणीनं धरायची, सुकली की घासायची. सांगाडा दिवाणखान्यात मांडला होता, नातू येता-जाता हात फिरवून जायचा.

अशा वेळी तिसऱ्या पेटीची मागणी येते. ती दोरकामाची, म्हणजे रिगिंगची. त्याचा सगळा डाव तिथं होता असं मला आता वाटतं. ज्यानं शिडाच्या जहाजाचं मॉडेल केलं नाही त्याला वाटतं, लाकूडकाम संपलं की जहाज संपलं. खरं तर निम्मं काम तिथून पुढं असतं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे जाड दोर, श्राउड, खाली तीन भोकांच्या गोल चकत्यांच्या जोड्यांनी, डेडआयनी, ताणायचे. मग श्राउडवर आडव्या बारीक दोरांच्या पायऱ्या, रॅटलाइन, प्रत्येक ठिकाणी गाठ मारून. तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर अशा गाठी शेकड्यांनी होतात. उभं धरणारं दोरकाम डांबर लावलेलं म्हणून काळपट, आणि शीड-परमाण हलवणारे दोर फिक्या रंगाचे. तीन-चार मिलिमीटरचे ब्लॉक, म्हणजे दोर ओवायच्या कप्प्या, सात-आठ जाडीचे दोर. हे घरी करणं जिकिरीचं, आणि सांगाडा तयार करून बसलेला माणूस मागं फिरत नाही. तो १३,००० म्हणाला, आज भरले तर ११,५००. मी त्याच संध्याकाळी भरले, एका खाजगी मोबाइल नंबरवर, कारण ‘दुकानाचं खातं दोन दिवस बंद’ होतं.

पेटी दीड महिन्यानं आली. आत चकचकीत काळ्या नायलॉनची दोन रिळं. नायलॉन दमट हवेत सैल पडतो. आमच्या बेळगावच्या पावसात तो महिन्यात लोंबला असता. डेडआय प्लास्टिकचे, मोजून तीस, त्यातही निम्म्यांना तिसरं भोकच नाही. ब्लॉक अजिबात नाहीत. आणि नकाशाची एक झेरॉक्स, वर ‘गुराब – दोरकाम’ अशी चिठ्ठी चिकटवून प्रत काढलेली. चिठ्ठीच्या कडेची सावली कागदावर उमटली होती आणि तिच्याखालून परक्या अक्षरांचे तुकडे बाहेर आले होते.

कोपऱ्यात मापाची रेघ होती, १० फुटांची. १० फूट म्हणजे ३,०४८ मिलिमीटर. माझा सांगाडा एकास चौसष्टचा, खऱ्या जहाजाच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे रेघ साडेसत्तेचाळीसच्या वर भरायला हवी. मी स्टीलची पट्टी लावली. पावणेबत्तीस. म्हणजे एकास शहाण्णव. झेरॉक्समध्ये बारीक झाला असेल म्हणून डोलकाठ्यांमधलं अंतर त्याच हिशोबानं वाढवून सांगाड्यावर धरलं, तरी भोकं जुळेनात. दोरकामाचा नकाशा दुसऱ्याच जहाजाचा होता. फोन लावला तर बंद. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

पुढच्या महिन्यात मालवणला पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. किनाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्या बांधणाऱ्या एका वयस्क सुताराला सांगाड्याचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, नाळेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही नाळ आमची न्हय.” बाकी काही विचारावं लागलं नाही.

घरी येऊन तो पहिला फोटो पुन्हा काढला, तेव्हा भगवा दिसला. वारा मागून येऊन शिडं पुढं फुगवतो आहे, तर निशाणही पुढंच उडायला हवं. एकाच जहाजावर वारा दोन दिशांनी कसा वाहील? कुणाच्या तरी परदेशी मॉडेलच्या फोटोवर भगवा संगणकावर चिकटवला होता. आपल्या निशाणाचा असा वापर करायला त्याचा हात धजला.

पहिल्या पेटीबरोबर बिल आलं होतं, ते माझ्या भाच्यानं पाहिलं. तो हिशोबाची कामं करतो. जीएसटी नंबर १५ अंकाक्षरांचा असतो, यावर १४ होती. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. बिलावर पत्ता सिंधुदुर्गचा आणि सुरुवात २४ नं, म्हणजे गुजरात. दोन मिनिटांचं काम होतं, बिल आलं त्याच दिवशी करता आलं असतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे जाऊन दोन महिने होत आले होते. पैसे गेल्यागेल्या, त्याच तासात फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ती अडवता येण्याची शक्यता असते. पोलिसांत अर्ज कन्नडमध्ये दिला. मला बोलता येतं, पण सफाईनं लिहिता येत नाही, तो मुलानं लिहिला. ठाण्यातल्या हवालदारानं सांगाड्याचे फोटो, झेरॉक्स, पैसे पाठवल्याचे तिन्ही स्क्रीनशॉट शांतपणे पाहून घेतले. त्यामुळं एक सांगतो, भाषेच्या संकोचानं तक्रार टाळू नका. ग्राहक आयोगाचा मार्गही उघडा आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ वर मिळतो. माझी तक्रार तयार आहे, विकणाऱ्याचा खरा पत्ता मिळायचा अवकाश.

तुम्ही असा संच घेणार असाल तर विकणाऱ्याला पूर्ण जहाजाचा फोटो मागू नका, तो कुठूनही मिळतो. सुट्ट्या डेडआयचा आणि दोराच्या रिळाचा फोटो मागा, शेजारी मोजपट्टी आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून. दोरकामाचा नकाशा आधी बघायला मागा, सांगाड्याचा नंतर. आणि पेट्या हप्त्यानं येणार असतील तर दोरकामाची पेटी पहिल्यांदा पाठवा म्हणा. खऱ्या विक्रेत्याला त्यात अडचण यायचं कारण नाही.

तिन्ही पेट्या पुराव्यासाठी बांधून माळ्यावर ठेवल्यात. सांगाडाही तिथंच आहे, दोराविना. गुराबेसारखा अवघड आकार मी यंदा धरलेला नाही. एक गलबत करतोय, दोन डोलकाठ्यांचं, पुढच्या काठीला एकच मोठं त्रिकोणी शीड. शिवणीचा ठोकळा पॅटर्न शॉपच्या दिवसांपासून जपून ठेवलेला होता, तोच कोरतोय. दोर सुती धाग्याचे, आम्ही दोघं आजोबा-नातू व्हरांड्यात पीळ देऊन करतो, मेण लावतो. वल्ही चाळीस लागतील. नातवानं काल सव्विसावं घासून दिलं.