गिटारचा 'हम' घालवायला ४,२०० रुपये, वर करंट फुकट

माझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीची, स्वस्तातली. अँपला (अँप्लिफायरला) जोडली की घूंऽऽ सुरू, म्हणजेच हम. तारांना हात लावला तरी आवाज तसाच. जॅकच्या (गिटारला केबल लावतो त्या जागेच्या) धातूला बोट लावलं की मात्र लगेच खाली. दोषाचं निदान एवढ्यावरच झालं असतं: ब्रिजखालची (तारा जिथे बसवतात त्या पट्टीखालची) अर्थची वायर सुटली होती. सोल्डरचा एक टाका. पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं, म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"पूर्ण कॉपर शिल्डिंग करावं लागेल, पॉट्सपण गेलेत. अँपही आणा, हम शून्य करून देतो."

शिल्डिंग म्हणजे गिटारच्या आत फॉइलचं अस्तर, पॉट्स म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालचे पार्ट. त्या 'शून्य'लाच सावध व्हायला हवं होतं. सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी एकच कॉइल) घरातल्या विजेचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र थोडंफार पकडणारच, तांब्याच्या फॉइलने ते अडत नाही. म्हणून तर गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या (हम मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला. असो. दुकानात अँपला लॅपटॉप जोडूनही आवाज बराच शांत होता. घरी असं कधी होत नसे. खुशीत पैसे मोजले.

चार दिवसांनी फरशीवर अनवाणी वाजवत होतो, तर मनगटाला झिणझिण्या. वाटलं, हात अवघडला. टेस्टर तारेला टेकवला, तर दिवा लागला!

अँपचा प्लग त्याने "पिन लूज होती" म्हणून फुकटात बदलून दिला होता. तो सॉकेटमधून काढून उघडला. लाल-काळी वायर जागेवर, हिरवी कापून टेप गुंडाळलेली. बाहेरून तीन पिना, आत अर्थच नाही. लॅपटॉप आणि अँपच्या अर्थमध्ये होणारा लूप (त्यानेही हम येतो) त्याने असा 'दुरुस्त' केला होता. उद्या अँपमध्ये फेज बॉडीला लागला असता, तर केबलच्या शील्डवरून थेट माझ्या तारांत. १९७२ मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला.

मग पिकगार्डचे (गिटारवरच्या प्लास्टिकच्या झाकणाचे) ११ स्क्रू काढले. कॉपरच्या जागी डब्यात पोळी गुंडाळतो तसली फॉइल, फेव्हिकॉलने चिकटवलेली. मल्टिमीटरची एक पिन फॉइलला, एक जॅकला: बीप नाही. अर्थला न जोडलेलं शिल्डिंग म्हणजे नुसती सजावट. 'नव्या' पॉट्सवर धुळीचा थर. ताजा टाका एकच, ब्रिजच्या वायरला.

जाब विचारला तर म्हणाला, "आवाज गेला होता की नाही?" बिलावर फक्त 'गिटार सर्व्हिसिंग'. पुढे काय बोलणार?

कुणाकडे देणार असाल तर पिकगार्ड समोर उघडायला लावा, बदललेले पार्ट मागून घ्या, बिलावर कामं वेगवेगळी लिहून घ्या. आणि अँप नेला असेल तर प्लग उघडून हिरवी वायर बघितल्याशिवाय तो लावू नका.

मी ती जोडून घेतली, सॉकेटचं अर्थिंगही तपासून घेतलं. लॅपटॉप आणि अँप आता एकाच बोर्डावर असतात. थोडी घूं अजून आहे. खुर्ची जरा फिरवून बसलो की कमी होते.