वर्तुळाच्या कोनकोड्यांचं पुस्तक: 5 पैकी साडेतीन

मुलगी दहावीला, भूमितीतला वर्तुळाचा धडा म्हणजे प्रमेयं तोंडपाठ पण आकृती समोर आली की एकदम ब्लँक. म्हणून अप्पा बळवंत चौकातून हे पातळसं पुस्तक उचललं, 120 रुपये, 60 कोडी, एका पानावर एक आकृती आणि प्रश्नचिन्हाचा कोन किती एवढंच. थिअरी शून्य, ते मला बरं वाटलं, थिअरीची गाइडं घरात ढिगाने आहेत.

पहिली वीसेक कोडी लुटुपुटूची, अर्धवर्तुळातला कोन 90, चक्रीय चौकोनाचे (चारही कोपरे वर्तुळावर असलेल्या) संमुख कोन मिळून 180, तासाभरात उरकली. मग मात्र धमाल. एकात केंद्रीय कोन, म्हणजे दोन बिंदू केंद्राला जोडून होणारा, 130 आणि तिसरा बिंदू मुद्दाम लघुकंसावर, म्हणजे त्या दोघांमधल्या लहान कंसावर ठेवलाय, तिथला कोन विचारलाय. पोरगी धाडकन 65 म्हणाली, मीपण तेच म्हटलं, उत्तर 115! कारण तिथला कोन विशालकंस, म्हणजे पलीकडचा मोठा कंस, अंतर्खंडित करतो (आपल्या भुजांमध्ये घेतो), तो 230 चा, त्याचे निम्मे. हे आता ती जन्मात विसरणार नाही.

अजून एक, एबी व्यास, सी वर्तुळावर, कोन सीएबी 28, सी मधली स्पर्शिका वाढवलेल्या एबीला डी मध्ये भेटते, डी चा कोन सांगा. मी आपली काटकोन, मग 62, मग स्पर्शिका-छेदिका कोन (सी पाशी स्पर्शिका आणि सीबी यांच्यामधला) 28, मग वजाबाकी अशी वळसे घालत बसले, हिने केंद्र सी ला जोडलं, तिथे 56, स्पर्शिकेपाशी 90, झाले 34. "आई, एक रेघ फक्त."

आता तक्रारी. कारण लिहायला जागाच नाही. बोर्डात नुसता आकडा लिहून भागत नाही, प्रत्येक पायरीपुढे कंसात प्रमेयाचं नाव लागतं, नाहीतर मार्क कापले म्हणून समजा. आम्ही समासात पेन्सिलीने लिहितो, पण समास बोटभर. आणि मागची उत्तरं तपासून घ्या, एका चक्रीय चौकोनात संमुख कोन एक्स अधिक 20 आणि दोन एक्स अधिक 10, विचारलाय एक्स, तो 50 येतो, मागे छापलंय 110, म्हणजे कोनच छापून मोकळे! अर्धा तास आम्ही आमचीच चूक शोधत होतो. आकृत्या मापात नाहीत, पण ते ठीकच, कोनमापक लावायचा मोह होत नाही.

नववीवाल्यांनी आत्ता घेऊ नका, त्यांच्याकडे जीवा, अंतर्वर्तुळ, परिवर्तुळ एवढंच असतं, निम्म्या पुस्तकात अडकाल.