ट्रेलो: फळा झकास, शिस्त मात्र टीमलीडनेच आणायची

पाच ते दहा जणांची टीम असते, सगळ्यांची कामं एकमेकांत गुंतलेली असतात आणि 'हे कुणाकडे आहे, ते कुठवर आलं' हे विचारण्यातच टीमलीडचा अर्धा दिवस जातो. ट्रेलो हा कामांचा ऑनलाइन फळा अशा टीमसाठी आहे. शिकायला फारसं काही लागत नाही: बोर्ड, बोर्डवर उभ्या याद्या, यादीत कार्डं, एका कामाला एक कार्ड. कार्ड उचलायचं आणि पुढच्या यादीत टाकायचं. तासाभरात टीम कामाला लागते. अडचणी साधारण महिन्याभराने सुरू होतात, कारण हे साधन कुणालाच कशालाही 'नाही' म्हणत नाही. कितीही याद्या करा, एका यादीत कितीही कार्डं टाका, एका कार्डावर कितीही माणसं लावा. बोर्ड नीट चालणार की अडगळीची खोली होणार, हे सुरुवातीला घातलेल्या तीन-चार नियमांवर ठरतं. म्हणून हा आढावा साधनाबरोबर त्या नियमांचाही आहे.

ट्रेलो २०११ मध्ये फॉग क्रीक सॉफ्टवेअरने आणलं आणि २०१७ मध्ये ते अॅटलासियनने विकत घेतलं. मागची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी उभी केलेली, कार्डांवर चालणारी कानबान पद्धत, म्हणजे पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल पुढे ढकलायचा नाही. ट्रेलोने त्यातली कार्डं घेतली, न ढकलण्याची अट मात्र मूळ रचनेत घेतली नाही. टीम चालवणाऱ्याला नेमकी हीच उणीव नडते.

आधी याद्यांचं बघू. 'करायचं, चालू, झालं' या तीन याद्यांवर बहुतेक जण थांबतात आणि फसतात, कारण काम अडतं ते हस्तांतराच्या जागी, आणि ती जागा या तिन्हींत कुठे दिसतच नाही. सहा याद्या ठेवा: 'नंतर बघू', 'या आठवड्यात', 'चालू', 'तपासणीसाठी तयार', 'तपासणी चालू', 'पूर्ण'. तपासणीच्या दोन वेगळ्या याद्या उगाच नाहीत. 'तयार' यादीत कार्डं साचली तर टीममध्ये तपासायला वेळ कुणालाच नाही हे लगेच कळतं. एकच यादी असली तर तपासणी चालू आहे की कार्ड नुसतं पडून आहे, याचा पत्ता लागत नाही. यादीच्या नावातच अट लिहून टाका, उदाहरणार्थ 'पूर्ण – दुसऱ्याने तपासलं, ज्याला हवं होतं त्याच्या हाती पडलं'. 'झालं' म्हणजे नक्की काय, यावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता मर्यादा. ट्रेलोमध्ये 'लिस्ट लिमिट्स' नावाची पॉवर-अप (बोर्डला जोडता येणारी जादा सोय) आहे, तीही फुकट. ती सुरू करून 'चालू' यादीला आकडा द्यायचा. कार्डं त्या आकड्यापलीकडे गेली की यादीचा रंग बदलतो. बस्स, तेवढंच. कार्ड अडवलं जात नाही. शिवाय मर्यादा एकेका यादीला लागते, तपासणीच्या दोन याद्यांना मिळून एक आकडा देता येत नाही. म्हणजे रंग बदलला की 'नवीन काम उचलू नका, अडलेल्याला हात द्या' हे सांगायचं काम माणसाचंच. टीमलीडने दोनदा रंगाकडे दुर्लक्ष केलं की तिसऱ्यांदा तो कुणालाच दिसत नाही.

मर्यादेचा एवढा आग्रह का, याचं उत्तर अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे: हातात असलेली सरासरी कामं म्हणजे पूर्ण होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. टीमच्या हातात २४ कार्डं आहेत आणि आठवड्याला ६ पूर्ण होतात, तर एका कार्डाला सरासरी ४ आठवडे लागणार. वेग तेवढाच ठेवून हातातली कार्डं १२ वर आणली की २ आठवडे. कुणी जास्त राबलेलं नाही, उशिरापर्यंत थांबलेलं नाही, तरी वाट बघणाऱ्याला काम निम्म्या वेळात मिळतं. (ही सरासरी आहे, जितकी कामं येतात साधारण तितकीच पूर्ण होत असतील तेव्हाच लागू पडते. येणारा ओघ जास्त असेल तर बोर्ड काही करू शकत नाही, वरिष्ठांशी बोलावं लागतं.) सुरुवातीचा आकडा माणसांइतका ठेवा, म्हणजे सहा जणांना ६. दर दोन आठवड्यांनी एकाने कमी करून बघा. लोक खरोखरच रिकामे बसू लागले की एक पायरी मागे या. बहुतेक टीमचा आकडा माणसांच्या संख्येपेक्षा थोडा खालीच स्थिरावतो, कारण मग काही कामं दोघांना मिळून करावी लागतात. ते हवंच असतं.

कार्डाच्या मालकीची गोष्ट ट्रेलोने फारच सैल सोडली आहे. एका कार्डावर चार जणांचे फोटो लावता येतात, त्यातला मुख्य कोण हे सांगायची सोय नाही. चार फोटो असले की चौघांनाही वाटतं, बाकीचे तिघं बघतायत. नियम सरळ ठेवा: कार्डावर एकच चेहरा, मदत करणाऱ्यांची नावं चेकलिस्टमध्ये, म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या कामांच्या यादीत. इथे फुकटच्या प्लॅनची अडचण येते. चेकलिस्टच्या एकेका ओळीला माणूस आणि तारीख जोडणं फक्त पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं. फुकटात नाव हातानेच लिहायचं, आणि त्याची आठवण कुणाला आपोआप जात नाही.

'कार्ड एजिंग' ही पॉवर-अप मात्र मनापासून आवडण्यासारखी. कार्डावर हालचाल झाली नाही की ते एक, दोन आणि चार आठवड्यांनी टप्प्याटप्प्याने फिकट होत जातं. (समुद्री चाच्यांच्या जुनाट नकाशासारखं फाटत जाणारं रूपही आहे, ऑफिसात ते फार काळ बघवत नाही.) दहा सेकंदांत नजर टाकली की कुठे काय कुजतंय ते दिसतं. फसवणुकीची फट एकच: कुणी 'बघतोय' अशी कॉमेंट टाकली तरी ती हालचाल धरली जाते आणि कार्ड पुन्हा ताजंतवानं. त्यामुळे कॉमेंटमध्ये काय बदललं किंवा कुणामुळे अडलं, एवढंच लिहायचं असं ठरवून घ्या.

रोजची बैठक बोर्डसमोर, १५ मिनिटं, आणि उजवीकडून डावीकडे. माणसागणिक 'काल काय केलं, आज काय करणार' विचारलं की प्रत्येक जण आपण किती गुंतलोय हे सिद्ध करू लागतो. कार्डांवरून गेलं की प्रश्न बदलतो: हे कार्ड 'पूर्ण'मध्ये जायला काय उरलंय? जे शेवटाच्या सर्वांत जवळ ते आधी. 'या आठवड्यात' यादीपर्यंत पोहोचलात नाही तरी बिघडत नाही. अडलेल्या कार्डाला लाल लेबल लावा. 'अडलेलं' अशी वेगळी यादी करू नका, तिथे गेलेलं कार्ड मर्यादेतून सुटतं आणि लोकांच्या डोक्यातूनही.

ऑटोमेशन, म्हणजे 'अमुक झालं की तमुक आपोआप कर' असे नियम, चांगलं आहे, पण फुकटच्या प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला (टीमचे सगळे बोर्ड जिथे एकत्र असतात ती जागा) महिन्याला २५० वेळाच चालतं. हिशोब करून बघा: आठ जण, प्रत्येकी दिवसाला दोन कार्डं हलवणार आणि प्रत्येक हालचालीला एक नियम लावलेला. म्हणजे रोज १६, आणि सोळाव्या कामाच्या दिवशी कोटा खलास. नियम थांबतात आणि 'आपोआप होतंय' या भरवशावर बसलेली टीम गाफील राहते. प्रत्येक हालचालीला नियम लावायचा मोह टाळा. कार्ड 'तपासणीसाठी तयार'मध्ये आलं की तपासणाऱ्याला जोडायचं आणि 'पूर्ण'मधली जुनी कार्डं आठवड्यातून एकदा आर्काइव्ह करायची, एवढे दोन नियम बहुतेक टीमना पुरतात.

अलीकडे आलेल्या बदलांत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. कार्डावर आता पूर्ण झाल्याची गोल खूण करता येते, पण तेवढ्याने कार्ड आपली यादी सोडत नाही. 'चालू'मध्ये खूण केलेली कार्डं साचतात आणि मर्यादेचा आकडा खोटा पडतो. दुसरी म्हणजे इनबॉक्स. तिथलं फक्त ज्याचं त्याला दिसतं. स्वतःच्या नोंदींना सोयीचं, पण टीमचं काम तिथे अडकलं तर बोर्ड स्वच्छ आणि माणूस बुडालेला, असं चित्र दिसतं. अर्ध्या दिवसाहून मोठं काम बोर्डवरच, हा नियम आधीच सांगून ठेवा.

एक वापर पूर्ण टाळा: कुणी किती कार्डं पूर्ण केली यावरून मूल्यमापन. हे कळलं की एका कामाची पाच कार्डं होतात, सोपी कार्डं आधी उचलली जातात आणि दुसऱ्याच्या अडलेल्या कार्डाला कुणी हात लावत नाही, कारण त्यावर चेहरा दुसऱ्याचा असतो. मोजायचंच तर कार्ड 'चालू'मध्ये आल्यापासून 'पूर्ण'मध्ये जाईपर्यंतचे दिवस मोजा, तेही टीमचे मिळून.

फुकटच्या प्लॅनमध्ये वर्कस्पेसला १० सहभागी आणि १० बोर्ड, प्रत्येक फाइल १० एमबीपर्यंत. सहभागींत बोर्डवर बोलावलेले पाहुणेही धरले जातात, आणि संख्या ओलांडली तर बोर्ड फक्त बघण्यापुरते उरतात. बाहेरच्या माणसाला सहज जोडण्याआधी मोजून घ्या. कॅलेंडर, टाइमलाइन आणि टेबलची दृश्यं वरच्या प्लॅनमध्ये आहेत, पण आठ जणांच्या टीमचं त्यांच्यावाचून अडत नाही. 'हे झाल्याशिवाय ते सुरू होणार नाही' अशी साखळी मात्र ट्रेलोत मुळातून नाही, लिंक डकवून भागवावं लागतं. अशी बंधनं एखाद-दुसरी असतील तर चालून जातं. तीन टीमची कामं एकमेकांवर टेकलेली असतील तर ट्रेलो घेऊ नका. पैसे भरूनही ती उणीव भरून निघत नाही.