रविवारचे ब्रंच आणि आठवड्यातले ब्रंच: काही महिन्यांच्या नियमित भेटींनंतरचा अनुभव

ब्रंचसाठी नावाजलेल्या या उपाहारगृहाविषयी ग्राहकांनी नोंदवलेली मते एकापाठोपाठ एक वाचली, तर ती सगळी एकाच ठिकाणाविषयी आहेत यावर विश्वास बसत नाही. कोणी अंड्यांच्या पदार्थांची मनापासून स्तुती करतो, तर कोणाला तीच अंडी चिवट लागलेली असतात. कोणाला वेटर अगत्यशील वाटतात, तर कोणाच्या टेबलाकडे बराच वेळ कोणी फिरकलेलेही नसते. मी तिथे काही महिने आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आणि रविवारी ऐन गर्दीत, अशा दोन्ही वेळी जात आहे, आणि माझी खात्री झाली आहे की हे सर्वच जण खरे लिहीत आहेत. फक्त आपण कोणत्या दिवशी आणि किती वाजता गेलो होतो, हे त्यांतले बहुतेक जण सांगत नाहीत.

सर्वाधिक मतभेद पोच्ड, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेल्या, अंड्यांवर आहेत आणि त्याचे कारण पदार्थातच आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला गोठू लागतो आणि पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो; म्हणजे वरचा भाग नीट शिजलेला आणि आतला बलक वाहता ठेवायचा, तर आचाऱ्याच्या हाती मोजून काही मिनिटेच असतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात एका वेळी मोजक्याच ऑर्डरी असतात, तेव्हा ही अंडी इथे अतिशय सुरेख मिळतात. गर्दीच्या दिवशी अनेक व्यावसायिक स्वयंपाकघरांत अंडी आधीच शिजवून थंड पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आल्यावर गरम पाण्यात पुन्हा ऊन करून देतात. ही पद्धत सर्वमान्य आहे, तिच्यात गैर काही नाही. मात्र दुसऱ्यांदा गरम करताना वेळेचे भान सुटले की बलक घट्ट होतो. रविवारी मला आलेली अंडी बहुधा अशीच होती. त्यांच्यावरच्या हॉलंडेज सॉसची स्थितीही नाजूक असते. अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबाचा रस एकजीव करून केलेला हा सॉस ६० अंशांच्या आसपास ऊन ठेवावा लागतो. जास्त तापला तर बलक गोठून तो फाटतो आणि थंड झाला तर त्यातले लोणी थिजू लागते. म्हणून ‘सॉस फाटलेला होता’ अशी तक्रार वाचली की मी आधी ती कोणत्या दिवशी लिहिली आहे ते पाहतो.

ऑम्लेटबद्दल मात्र मला दोन्ही दिवशी समाधान मिळाले, कारण ते ऑर्डर आल्यावरच तव्यावर होते आणि ताटात येईपर्यंत वाट पाहत पडून राहत नाही. रविवारी जाणाऱ्याला मी तेच मागवायला सांगेन. पॅनकेक सकाळी लवकर हलके असतात आणि दुपारकडे काहीसे दडस होतात. पिठातला खाण्याचा सोडा आंबट ताकात भिजवल्याबरोबर फुलू लागतो आणि पीठ जितके जास्त वेळ राहील तितके त्यातले बुडबुडे कमी होतात, हे लक्षात घेतले तर हा फरक समजण्यासारखा आहे; तरीही पीठ दोन-तीनदा ताजे भिजवणे या स्वयंपाकघराला अशक्य नसावे. कॉफी चांगली आहे. गरम पट्टीवर ताटकळलेली कॉफी कडवट होते, म्हणून भांडे तळाला आले असेल तर नवीन येईपर्यंत थांबावे.

गोंगाटाविषयीच्या तक्रारी मला पूर्णपणे मान्य आहेत. लाद्या, काच आणि आतून कसलेही आच्छादन न लावलेले छत यांपैकी कशातच आवाज जिरत नाही, आणि खोली भरली की प्रत्येक टेबलावरचा माणूस शेजारच्यावर मात करण्यासाठी नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये वर्णन केलेला हाच परिणाम आहे, आणि तो ग्राहकांना ‘हळू बोला’ असे सांगून थांबत नाही. छताला ध्वनिशोषक पट्ट्या आणि भिंतींना जाड पडदे लावले तर बराच फरक पडेल. मालकांनी इतर कोणत्याही सुधारणेपूर्वी हे करावे, असे मला कळकळीने वाटते, कारण ज्येष्ठांना आणि ऐकण्याचे यंत्र वापरणाऱ्यांना रविवारी तिथे बोलणेच शक्य होत नाही.

रांगेबद्दल एवढेच सांगतो की टेबल आधी राखून ठेवण्याची सोय नाही, दोघांना जागा लवकर मिळते आणि सहा-सात जणांच्या गटाला शेजारशेजारची टेबले एकदम रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. वेटरांवर उद्धटपणाचा आरोप अनेकांनी केला आहे. मला तो अन्यायकारक वाटतो. एकाच माणसाकडे टेबले जास्त दिली की त्याचे उत्तर तुटक होते. तरीही घट्ट झालेली अंडी परत केली तेव्हा त्यांनी वाद न घालता ती बदलून दिली.

एका बाबतीत मात्र मी गर्दीची सबब मान्य करत नाही. अंडी, दूध, गहू आणि सुका मेवा यांचे पदार्थ इथे जवळजवळ एकाच तव्यावर आणि एकाच ओट्यावर होतात. आठवड्यातल्या सकाळी अ‍ॅलर्जीविषयी विचारले की वेटर आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. रविवारी तोच प्रश्न विचारला तेव्हा आत न जाताच ‘काही हरकत नाही’ असे उत्तर मिळाले. व्यवस्थापकांना मी हे प्रत्यक्ष भेटून सांगितले आहे आणि त्यांनी ते ऐकूनही घेतले. पण पुढच्या रविवारी तसेच घडले. म्हणून आठवड्यातल्या सकाळसाठी मी या ठिकाणाला पाचपैकी साडेचार तारे देतो, रविवारसाठी अडीच, आणि ज्यांच्या घरात कोणाला अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे त्यांनी रविवारी इथे जाऊ नये असे स्पष्टपणे नोंदवतो.