पन्नाशीपुढचा सप्लिमेंट कॉम्बो: दिवाळीपासून घेत होते, आता बंद केलाय

कस्टमर केअरवाल्यांशी गेल्या आठवड्यात जे भांडण झालं त्यामुळे हे लिहितेय. कॉम्बो म्हणजे तोच चार डब्यांचा, मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा-३, कॅल्शियम-डी३ आणि कोलॅजेन-बायोटिनची पावडर. जाहिराती सगळ्यांनी बघितल्यात, त्यामुळे आत काय काय आहे ते सांगत बसत नाही. माझं वय ५६, पाळी जाऊन काही वर्षं झाली, थायरॉइडची गोळी रोज सकाळी. ह्यांना शुगर आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, आणि माळ घातल्यापासून मासेमटण पूर्ण बंद.

आता मुख्य तक्रार. ओमेगाच्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरात १००० एमजी. बाटली फिरवून मागचं बारीक वाचलं तर ईपीए १८० आणि डीएचए १२०, खरं ओमेगा-३ म्हणजे हे दोनच. म्हणजे ज्यासाठी आपण पैसे मोजतो ते ३००, बाकी सगळं नुसतं तेल! फोन केला तर ती मुलगी म्हणते मॅडम, फिश ऑइल १००० एमजीच आहे, आम्ही चुकीचं काही लिहिलेलं नाही. हो ना, पण माणूस १००० वाचून ओमेगा-३ एवढं आहे असंच समजणार की नाही? मग कॅल्शियमचा डबा फिरवला. पुढे कॅल्शियम १००० एमजी, मागे कॅल्शियम कार्बोनेट १०००. कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ४० टक्के असतं, म्हणजे हातात ४००. आणि हे सगळं ‘प्रति सर्व्हिंग’, सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या! म्हणजे एका गोळीत फक्त २०० आणि ६० गोळ्यांचा डबा महिन्यात संपतो. मेडिकलमध्ये जी साधी ५००ची गोळी मिळते तिच्यावर १२५० कार्बोनेट म्हणजे ५०० कॅल्शियम असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि किंमत ह्याच्या पाव पण नाही. मला ह्या गोष्टीचा इतका राग आलाय की किराणा आणला तरी आता प्रत्येक पाकीट आधी मागून वाचते.

ओमेगाचं तर घरी काही अडलेलंच नव्हतं. मी बांगडा आणि तारली दोन्ही खाते, दोन्हीत ओमेगा-३ भरपूर, आणि बाजारात तारली अजून तरी परवडते.

सगळंच फालतू आहे असं लिहायचं ठरवलं होतं पण ते खरं होणार नाही. ह्यांच्या पायाला मुंग्या यायच्या, रात्री तळवे जळजळायचे, आम्ही शुगरचंच समजत होतो. डॉक्टरांनी बी१२ करायला सांगितलं तर बरंच कमी निघालं. मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं आणि त्यात शाकाहार, दोन्ही एकत्र आलं. आधी इंजेक्शनं, मग मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, त्या जनऔषधी केंद्रातून आणल्या, अगदी स्वस्त. दोन-तीन महिन्यांत मुंग्या खूप कमी झाल्या, आता पहाटे हरिपाठाला मांडी घालून बसतात आणि मधे उठावं लागत नाही. मला खरंच बरं वाटलं. कॉम्बोच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी१२ किती, तर २.२ मायक्रोग्रॅम. ती धडधाकट माणसाची रोजची गरज झाली, साठलेली कमतरता त्याने भरून येत नाही.

डी३चंही तसंच. माझं रक्तात ११ आलं होतं, म्हणजे बरंच कमी, मांड्या-पोटऱ्या दुखायच्या, डॉक्टरांनी ६०,००० आययूची पाकिटं आठवड्याला एक अशी ८ आठवडे आणि मग महिन्याला एक दिली, दुखणं बरंच कमी झालं. पण कमतरता नसताना घेऊन फायदा होईल असं नाही. अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या अभ्यासात २५,८७१ लोक होते, रोज २००० आययू पाच वर्षांच्या वर, आणि २०२२ मध्ये आलेल्या निकालात हाडं मोडणं कमी झालं नाही असं दिसलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना कमतरता नव्हती. म्हणून आधी रक्त तपासा. आणि ६०,०००वालं वर्षभर दर आठवड्याला मनाने घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

सगळ्यात जास्त सावध करायचंय ते पावडरीबद्दल. केस गळतात म्हणून घेत होते, त्यात बायोटिन ५००० मायक्रोग्रॅम, रोज लागतं ३०-४०. मार्चमध्ये थायरॉइड तपासलं तर टीएसएच एकदम खाली, म्हणजे गोळी जास्त होतेय असा अर्थ, डोस कमी करायची वेळ आली होती. डॉक्टरांनी विचारलं केसांसाठी काही घेता का. पावडर काही दिवस बंद ठेवून परत तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल! बायोटिन जास्त असेल तर लॅबची मोजणीच चुकू शकते, हार्ट अटॅकसाठी जी ट्रोपोनिन टेस्ट करतात तीसुद्धा खोटी कमी येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१७ मध्येच इशारा दिलाय. डब्यावर ह्याबद्दल एक ओळ नाही. थायरॉइडच्या गोळ्या खाणाऱ्या किती बायका ही पावडर घेत असतील, त्यांना कोण सांगणार? केसांत फरक, विचाराल तर, काहीच नाही.

सध्या रात्रीच्या जेवणाबरोबर मेडिकलमधलं साधं कॅल्शियम (कार्बोनेट जेवणासोबतच घ्यायचं, आणि थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास लांब), महिन्याचं डी३, आणि नाचणीची भाकरी, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. ह्यांना बी१२ चालू. महिन्याचा खर्च कॉम्बोच्या मानाने किरकोळ.

सबस्क्रिप्शन बंद केल्याचा मेल आला आणि तरी पुढच्या महिन्याचे पैसे कापलेच, वर सांगतात सील उघडलेला माल परत घेत नाही. अहो, तो डबा अजून घरी आलेलाच नाही तर सील कसलं उघडलं? १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, नंबर मिळालाय, आणि बँकेला सांगून ऑटोपेही बंद केलंय. पैसे आले की खाली लिहीन.